माका कोणता, एकदांडी कोणती?

मंडळी, सध्या बांधावर दोन्ही फुलल्यात. दोन्हीची फुलं बारीक, दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या. केसाच्या तेलासाठी माका म्हणून एकदांडीच उपटून नेणारे दरसाल भेटतात.

माका जुना गडी. आयुर्वेदाच्या ग्रंथांतला भृंगराज तो हाच, अन् पितृपक्षात श्राद्धाला पाला लागतो तोही ह्याचाच. एकदांडी मात्र मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. 1753 साली लिनियसनं तिला ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स असं शास्त्रीय नाव दिलं. आपल्याकडं ती बाहेरून आलेलं तण.

मग एकदांडी, दगडी पाला, कंबरमोडी ही नावं? ती आपल्याच माणसांनी ठेवली, ओळख झाल्यावर. विळा लागला की पाला चोळून रस लावायचा, ही रीतही तशीच पडली असणार. नाव मराठी म्हणून झाड इथलंच, हे काही मला पटत नाही. मिरची तरी कुठं इथली? म्हणून जुन्या ग्रंथांतले भृंगराजाचे गुण एकदांडीच्या नावावर चढवू नयेत.

ओळखायचं सोपं आहे. एकदांडीचं फूल वीतभर उघड्या दांडीवर एकटं, मधे पिवळं, कडेच्या पाकळीला तीन दाते. बी म्हातारीसारखं उडतं. माका ओलीला, पाटाच्या कडेला. फूल पानाच्या बेचक्यात, आखूड देठावर, पाकळ्या दोऱ्यासारख्या पांढऱ्या. बी उडत नाही. तरी शंका राहिली तर पान तळहातावर चुरडा. माक्याचा रस थोड्या वेळात काळा पडतो.