पुड्यावर न लिहिलेलं

बिस्किटाचा नवा पुडा घरात आला की आपण जैन बायका आधी मागची बारीक अक्षरं वाचतो. अंडं नाही ना, जिलेटिन नाही ना? पॅडच्या पाकिटावर मात्र आकार आणि किंमत बघितली की झालं. तिथं वाचायला फारसं काही नसतंच म्हणा. पण आत काय आहे हे विचारायला अमेरिकेतल्या बायका शिकल्या, त्या जीव गेल्यावर.

1970 च्या दशकात तिथं टॅम्पॉन, म्हणजे पाळीत अंगात ठेवायचा बोळा, घरोघरी पोचला होता. कुणाचा बोळा जास्त शोषतो अशी कंपन्यांत चढाओढ लागली आणि कापसाच्या जागी कृत्रिम धागे आले. प्रॉक्टर अँड गॅम्बलचा 'रिलाय' त्यात सगळ्यात पुढं. चहाच्या पुरचुंडीसारखी पिशवी, आत पॉलिएस्टर फोमचे तुकडे आणि कार्बॉक्सीमेथिलसेल्युलोज. हा दुसरा पदार्थ खाण्याच्या वस्तू दाट करायलाही वापरतात, तेव्हा नाव ऐकून कुणाला भीती वाटली नसती. नमुने लाखो घरांत फुकट गेले.

1980 मध्ये धडधाकट तरुण मुली दवाखान्यात येऊ लागल्या. एकाएकी ताप, अंगावर लाली, रक्तदाब कोसळलेला. डेन्व्हरच्या डॉ. जेम्स टॉड यांनी 1978 मध्ये मुलांमधल्या अशा आजाराला 'टॉक्सिक शॉक' नाव दिलं होतं. आता तो पाळीच्या दिवसांत दिसत होता. त्या एका वर्षात पाळीशी जोडलेले आठशेवर रुग्ण नोंदले गेले, 38 जणी गेल्या. 22 सप्टेंबरला 'रिलाय' बाजारातून मागं घेतला गेला.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, बरं का. तो पदार्थ स्वतः विष नव्हता. विष तयार करत होता स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू. बोळ्यानं त्याला जागा दिली, फोमबरोबर हवाही आत नेली. जास्त शोषतो म्हणून बोळा तासन्‌तास आत राहिला. जाहिरातीत जो गुण होता तोच नडला.

'रिलाय' गेला, बाकीचे राहिले. एका कंपनीचं 'सुपर' दुसरीच्या 'रेग्युलर'एवढं असायचं. सगळ्यांची मोजमापं सारखी व्हावीत म्हणून बोस्टनच्या एस्थर रोम आणि त्यांच्यासारख्या बायका वर्षानुवर्षं बैठकांत बसून भांडल्या. ती सक्ती यायला 1990 उजाडलं. ब्रिटनमध्ये 1989 ला लगद्याच्या क्लोरीन-धुलाईतून येणाऱ्या डायॉक्सिनवरून बायकांनी आवाज उठवला, तेव्हा तिथली धुलाईची पद्धत बदलली. आणि घटक पाकिटावर छापायचा न्यूयॉर्कचा कायदा? तो 2019 चा.

आपल्याकडं पॅडचं मानक 2019 पर्यंत 1980 चंच होतं, आयएस 5405. त्यात पॅडनं 30 मिलिलिटर शोषायला हवं होतं, चाचणीला रंगीत पाणी नाहीतर शेळी-मेंढीचं रक्त! (हे वाचून माझा हात थांबला.) मोजलं ते मुख्यतः शोषण.

जुन्या लुगड्याची घडीच बरी होती, असं काहीजणी म्हणतात. ती घडी दुसऱ्या कपड्याखाली लपवून, ओलसर न्हाणीत वाळवावी लागायची, हे त्या विसरतात.

2022 मध्ये दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक संस्थेनं बाजारातले दहा पॅड तपासले. प्लास्टिक मऊ करणारे थॅलेट दहाही पॅडमध्ये सापडले. सापडणं आणि अपाय होणं यांत अंतर आहे, मान्य. पण त्या दहांत 'सेंद्रिय' म्हणून विकले जाणारेही होते.