घाटातली गाडी आणि दारूबंदी

एसटीत बसल्यावर वाचायला दुसरे काही नसले की मी पाट्या वाचतो. धूम्रपान करू नये, खिडकीबाहेर हात काढू नये, सुटे पैसे द्यावेत.. दारू पिऊन गाडीत चढू नये अशी पाटी मात्र परतवाडा-चिखलदरा गाडीत मला कधी दिसली नाही. म्हणून घरी येऊन कायदाच शोधायला बसलो. तो तर सव्वाशे वर्षांहून जुना निघाला.

सुरुवात रेल्वेपासून आहे. १८९० च्या रेल्वे कायद्याचे कलम १२० सांगत होते की डब्यात किंवा रेल्वेच्या हद्दीत कोणी नशेत सापडला तर त्याला ५० रुपयांपर्यंत दंड, वर तिकिटाचे पैसे जप्त, आणि कोणत्याही रेल्वे नोकराने त्याला खाली उतरवावे. त्या काळचे ५० रुपये म्हणजे थोडे नव्हेत. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूरला जी शकुंतला धावू लागली तिलाही हाच कायदा. चिखलदऱ्याला जाणारी कितीतरी मंडळी त्या छोट्या गाडीने अचलपूरपर्यंत यायची आणि तिथून घाट चढायची. १९८९ च्या नव्या रेल्वे कायद्यात हेच कलम १४५ झाले. दंड ५०० रुपये आणि सोबत सहा महिन्यांपर्यंत कैद. शतक उलटले तरी 'खाली उतरवावे' हे शब्द काही सुटले नाहीत.

आता रेल्वेत खाली उतरवणे म्हणजे काय, तर फलाटावर उभे करणे. तिथे दिवा असतो, पाणी असते, स्टेशनमास्तर असतो. एसटीला काय असते? घाट!

रस्त्यावरच्या गाड्यांचा कायदा वेगळा. मोटार वाहन कायद्याने, आधी १९३९ च्या आणि मग १९८८ च्या, राज्य सरकारांना प्रवाशांच्या वागणुकीचे नियम करायचा अधिकार दिला, आणि नियम मोडणाऱ्याला गाडीतून काढण्याचा अधिकार ड्रायव्हर-कंडक्टरला देण्याची सोय केली. पोलीस असले तर पोलिसांनाही. पण धामणगाव गढी सोडून गाडी वर चढू लागली की पोलीस कुठून आणायचा?

याच्या डोक्यावर आणखी एक मोठे छत्र आहे, ते म्हणजे दारूबंदी कायदा. आमच्या वऱ्हाडाचा प्रवास यात जरा वाकडातिकडा आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने १९३८ साली स्वतःचा दारूबंदी कायदा केला, पण बंदी लागू झाली ती निवडक भागांपुरती. तिकडे मुंबई राज्याने १९४९ साली आपला कायदा केला. १९५६ च्या नोव्हेंबरात वऱ्हाड मुंबई राज्यात आले आणि १९५९ साली मुंबईचा कायदा इकडे लागू झाला. त्याचे कलम ८५ रस्त्यावर, सार्वजनिक जागी नशेत असणाऱ्याला आणि धिंगाणा घालणाऱ्याला लागते. म्हणजे बसस्टँडवरही लागते. नंतर वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली, परवाने आले, देशीची दुकाने आली. २०१२ साली कायद्याच्या नावातले 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले. पण नाव अजून दारूबंदी कायदाच, आणि दुकाने त्याच कायद्याखाली चालतात. असो.

मेळघाटात मात्र हा मामला एवढा सरळ नाही. इथल्या कोरकूंच्या घरी मोहाची दारू देवाला वाहतात, लग्नात लागते, मयतीनंतरच्या विधीत लागते. कायद्याच्या लेखी ती हातभट्टी. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना दारू बंद करायचा किंवा तिच्यावर बंधने घालायचा अधिकार दिला. चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके त्या क्षेत्रात आहेत. गाव आपल्यापुरते ठरवू शकते, ठीकच आहे. पण गाडी या गावातून त्या गावात जाते आणि परतवाडा तर क्षेत्राच्या बाहेर. मधल्या रस्त्यावर ग्रामसभा म्हणा, न्यायालय म्हणा, सगळे एकटा कंडक्टर.

आणि त्याच्याकडे यंत्र कोणते? नाक! ड्रायव्हरसाठी मर्यादा ठरलेली आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. प्रवाशासाठी असे मोजमाप नाही. मोहाचा वास उग्र, दोन बाकांपलीकडून कळतो. त्यामुळे बाजार करून परतणारा कोरकू आधी ओळखू येतो. बाटल्या घेऊन जीपने वर चाललेले शहरी पर्यटक एसटीत चढतच नाहीत, त्यांचा वास कंडक्टरच्या नाकापर्यंत येणार कसा? ३१ डिसेंबरला घाटाखाली नाकाबंदी होते तेव्हा थोडीफार बरोबरी होत असेल.

हे लिहिताना दुसरी बाजू मी विसरलेलो नाही. संध्याकाळच्या गाडीत कॉलेजच्या मुली असतात, लेकरू मांडीवर घेतलेल्या बाया असतात. झिंगलेला माणूस वळणावर अंगावर कोसळतो, ओकतो, कधी मुद्दाम कोसळतो. त्या बाईला मोहाचा सांस्कृतिक अर्थ सांगून काय उपयोग? गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. वडील झिंगराजी दारूपायी गेले, आणि लहानग्या डेबूला आईसोबत आजोळी दापुऱ्याला जावे लागले. बाबांच्या कीर्तनात दारू पुन्हा पुन्हा येई ती त्यामुळेच. पिणाऱ्याला ते खडसावत, पण त्याला रस्त्यावर टाका असे त्यांनी कधी सांगितले नाही.

लंडनमध्ये १ जून २००८ पासून बस आणि भुयारी रेल्वेत पिण्यावर बंदी आली. आदल्या रात्री लोकांनी डब्यांतच पार्ट्या केल्या आणि काही स्टेशने बंद ठेवावी लागली. दिल्ली मेट्रोने २०२३ साली उलट केले, माणशी दोन सीलबंद बाटल्या न्यायला परवानगी दिली. पण दोन्हीकडे उतरवलेल्या माणसाला पुढचे स्टेशन आहे. मेळघाटात उतरवायचे म्हणजे वाघाच्या जंगलात, थंडीत, अंधारात.

मी पाहिलेला एक कंडक्टर यावर आपला उपाय करायचा. पिऊन आलेल्याला तो चढू द्यायचा, पण पुढच्या बाकावर आपल्याजवळ, आणि बायांना मागे पाठवायचा. "गुमान बस भाऊ. काही सांडलं तं तुलेच पुसा लागन," एवढेच त्याचे कलम. त्याचे गाव आले की हात धरून खाली उतरवायचा, आणि तो माणूस घराच्या वाटेला लागेपर्यंत घंटी द्यायचा नाही.