वीस वर्षं उशिरा आलेली हॉर्नेट

जपानच्या तामिया कंपनीची 'हॉर्नेट' ही रेडिओ कंट्रोलवर पळणारी ऑफ-रोड बग्गी १९८४ची. भारतात तेव्हा आयात परवान्यांचं राज्य होतं. सोलापूरच्या दुकानात असलं खेळणं दिसणं कठीणच. १९९१मध्ये उदारीकरण आलं, तरी ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे बहुतेक आयातनिर्बंध २००१पर्यंत टिकले. २००४मध्ये तामियानं हॉर्नेट पुन्हा काढली. तिकडच्या तिशी-चाळिशीतल्यांना बालपण परत मिळालं. आमच्यासाठी मात्र ती नवीकोरीच होती.

जुनी खोड तिनं सोडलेली नाही. मागची गिअरपेटी आणि धुरा एकत्रच हलतात, त्यामुळे सोलापूरच्या भेगाळलेल्या काळ्या रानात उडी मारून टेकली की मागची बाजू थयथय नाचते. डँपरमध्ये दाट सिलिकॉन तेल भरलं की जरा निवते. आठवणींचा वारसा नसला, तरी जुन्या यंत्राशी अशी नवी ओळख होते.