ताग, कोळसा आणि रुपया

ज्या देशांचा एकमेकांशी व्यापार असतो ते सहसा लढत नाहीत, असे म्हणतात. हे म्हणणे पारखायला मला फाळणीनंतरच्या बंगालमधला ताग पुरेसा वाटतो.

१९४७ साली रॅडक्लिफ रेषेने तागाचे शेत आणि तागाची गिरणी यांची ताटातूट केली. गिरण्या कलकत्त्याच्या आसपास, हुगळीकाठी राहिल्या. ताग पिकवणारा मोठा मुलूख पूर्व बंगालात, म्हणजे पाकिस्तानात गेला.

त्यानंतरची दोन वर्षे नीट पाहण्यासारखी आहेत. काश्मीरमध्ये लढाई सुरू होती, तरी तिकडचा ताग कलकत्त्याला येत होता आणि इकडचा कोळसा पाकिस्तानात जात होता. व्यापाराने युद्ध अडवले नाही, पण युद्धानेही व्यापार मोडला नाही. तो मोडला रुपयाच्या भावावरून. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. पाठोपाठ भारताने रुपयाचे केले, पाकिस्तानने केले नाही. आता १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये पडणार होते. दिल्लीने हा दर नाकारला. ताग अडकला, मग कोळसाही.

१९५० च्या आरंभी दोन्ही बंगालांत दंगली उसळल्या, निर्वासितांचे लोंढे निघाले, युद्धाची भाषा सुरू झाली. ८ एप्रिलला नेहरू आणि लियाकत अली यांनी अल्पसंख्याकांविषयीच्या करारावर सह्या केल्या. त्याच महिन्यात तागासह काही मालाच्या देवघेवीचाही मर्यादित करार झाला. तागामुळे युद्ध टळले, असे मी म्हणणार नाही. मात्र एकमेकांची गरज उरलेली असल्याने बोलण्यासारखे काही शिल्लक होते, एवढे नक्की. १९५१ च्या फेब्रुवारीत दिल्लीने पाकिस्तानी रुपयाचा दरही मान्य केला.

पण तोवर दोघांनीही एकच धडा घेतला होता: शेजाऱ्यावर विसंबायचे नाही. नारायणगंजला आदमजींची प्रचंड गिरणी उभी राहिली. इकडे पश्चिम बंगाल, आसाम, बिहारमध्ये भाताची जमीन तागाखाली आली. १९६५ च्या युद्धात उरलासुरला व्यापारही थांबला. तोपर्यंत, माझ्या मते, तो वाचवण्यात ज्यांचे हित होते अशी माणसे दोन्हीकडे फार थोडी राहिली होती.

व्यापार शांततेची हमी देत नाही. तो तुटला की भांडण मिटवण्याचे एक कारण मात्र कमी होते.