सेवाभावाकडून सेवाविद्येकडे : रुग्णपरिचर्येच्या मूलतत्त्वांचा मागोवा

रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम डॉक्टर उभा राहतो. वस्तुतः दिवसाच्या चोवीस तासांत रुग्णाला त्याचा सहवास काही मिनिटेच लाभतो. उरलेला सारा काळ रुग्ण परिचारिका आणि साहाय्यक यांच्या हाती असतो. त्यांच्या कार्याचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. तो पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट होते. रुग्णसेवेचा उगम करुणेत आहे. परंतु ज्ञान, शुचिता व सावधपणा यांवाचून ती करुणा रुग्णाच्या उपयोगी पडत नाही.

भारतात या विचाराची मुळे खोल आहेत. भगवान नेमिनाथांच्या निर्वाणाने पावन झालेल्या गिरनारच्या पायथ्याशी सम्राट अशोकाचे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील शिलालेख आहेत. त्यांत मनुष्य व पशू या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचा आणि औषधी वनस्पती लावविल्याचा उल्लेख आहे. चरकसंहितेने तर वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद मानले. परिचारकाच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे चार गुण असावेत, असे तेथे सांगितले आहे. या चारांत अनुराग हा एक गुण आहे, एकमेव नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रुग्णाला स्नान घालणारे, अंग चेपणारे, उठवून बसविणारे, औषधे कुटणारे असे निरनिराळे कुशल सेवक हाताशी असावेत, असेही ही संहिता सांगते. त्याचबरोबर गाणी व कथा सांगून रुग्णाचे मन रमविणाऱ्यांनाही तिने स्थान दिले आहे.

जैन परंपरेने सेवेला थेट तपाचा दर्जा दिला. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात सहा अभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना आहे. ज्यांची सेवा करावयाची अशा दहा जणांत ‘ग्लान’, म्हणजे रोगाने क्लांत झालेला साधू, याचा स्वतंत्र निर्देश आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्त्य हे गृहस्थाचे शिक्षाव्रत मानले. हा विचार मुळात मुनिसंघाच्या संदर्भातील असला, तरी त्याचा आशय व्यापक आहे. निर्विचिकित्सा अंगाचे उदाहरण म्हणून उद्दायन राजाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. व्याधिग्रस्त मुनीने केलेली वांती राजाने तिळमात्र किळस न करता स्वहस्ते स्वच्छ केली. बेडपॅन उचलणाऱ्या आयेचे आणि जखम धुणाऱ्या वॉर्डबॉयचे काम हे त्याच जातीचे आहे.

परंतु दयाबुद्धी असूनही ज्ञानाअभावी किती हानी होते, याचे उदाहरण एकोणिसाव्या शतकातील युरोपात सापडते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४६ साली एका विभागात शंभरातील अकराच्या आसपास माता सूतिकाज्वराने दगावत होत्या. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतेला लागतात, हे कारण डॉ. सेमेलवाईस यांनी ओळखले. १८४७ मध्ये त्यांनी क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले आणि पुढच्या वर्षी हे प्रमाण दोनच्या आत आले. तरीही अनेक समकालीन वैद्यांनी त्यांचे म्हणणे मानले नाही.

नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धातील जखमींसाठी स्कुटारी येथे पोहोचल्या, तेव्हा जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक मरत होते. १८५५ च्या वसंत ऋतूत गटारांची सफाई व हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था झाल्यावर मृत्युसंख्या झपाट्याने उतरली. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या प्रेरणेने परिचारिका-विद्यालय सुरू झाले. शुद्ध हवा, प्रकाश, स्वच्छता, शांतता, योग्य आहार व सूक्ष्म निरीक्षण ही त्यांची सूत्रे होती. आपण हजर असताना जे घडते, ते आपल्या गैरहजेरीतही घडले पाहिजे, हा त्यांचा आग्रह आजच्या पाळीबदलाच्या नोंदींचा पायाच होय.

महाराष्ट्रातही या कार्याला त्यागाची परंपरा आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले यांना त्या रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. परक्याच्या देहाला स्पर्श करण्याचे काम घरंदाज स्त्रीला न शोभणारे मानले जाण्याच्या त्या काळात, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण दिले. पुढे १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला व या शिक्षणाला देशव्यापी चौकट लाभली.

या साऱ्या वाटचालीतून आलेली मूलतत्त्वे आज प्रत्येक विद्यार्थ्याने व साहाय्यकाने अंगी बाणवावयाची आहेत. प्रत्येक रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात धुवावेत. औषध देण्यापूर्वी रुग्णाचे नाव पडताळावे. अंथरुणाला खिळलेल्याची कूस नियमाने बदलावी, अन्यथा शय्याव्रण होतात. काय करणार आहोत ते रुग्णास आधी सांगावे, पडदा ओढून त्याची लाज राखावी, त्याचे गुपित बाहेर नेऊ नये. जे पाहिले ते वेळेसह लिहून ठेवावे. घरातील सेवेलाही हेच लागू आहे. शुद्ध हरपलेल्या आप्ताच्या मुखात आपण मायेने पाणी घालतो. ते श्वासनलिकेत उतरून जिवावर बेतू शकते. माया खरी असते, पण माहिती नसते.

आपला समाज दानात कधी मागे राहिला नाही. धर्मशाळा, पांजरपोळ, औषधालये व रुग्णालये यांच्या भिंतींवरील नामफलक त्याची साक्ष देतात. परंतु चरकांच्या चार पादांपैकी इमारत, यंत्रे व औषधे यांवर दानाचा ओघ वाहतो आणि तिसरा पाद, परिचारक, उपेक्षित राहतो. एखाद्या गरजू मुलीच्या परिचर्या-शिक्षणाचा भार उचलणे, साहाय्यकांसाठी प्रशिक्षणवर्ग चालविणे, त्यांना योग्य वेतन व आदराचे संबोधन देणे, हेही वैयावृत्त्यच नव्हे काय? सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी पुढील पन्नास वर्षांचा विचार करताना ग्लानाच्या उशाशी जागणाऱ्या या हातांचा आपणास विसर न पडो, हीच नम्र भावना.