पडद्याआडची त्रिशलामाता आणि आमची बैठक



पर्युषण जवळ आलं की घराची झाडझूड आपण आधीच उरकून घेतो. यंदा बैठकीचे पडदे अगदी विरलेले निघाले. तयार आणण्यापेक्षा मी शिलाई मशीन पुसलं आणि घरीच शिवायला बसले. शिवताना एक प्रश्न मनात येत राहिला. हा पडदा आपल्या घरात आला तो खिडकीसाठी, की आपल्यासाठी?

कल्पसूत्र आपण दरवर्षी ऐकतो. चौदा स्वप्नं सगळ्यांना पाठ असतात, पण त्यापुढचा प्रसंग आठवून पाहा. सिद्धार्थ राजा स्वप्नपाठकांना बोलावतो आणि सभेत आधी एक पडदा लावायला सांगतो. सूत्रात त्या पडद्याचं वर्णनच आहे: रत्नांनी सजवलेला, नामांकित शहरात तयार झालेला, मऊ, त्यावर बैल, घोडे, पक्षी, हरणं, हत्ती आणि वेलींची चित्रं. त्याच्याआड त्रिशलामातेचं आसन. स्वप्नं तिची, गर्भ तिचा, पण पाठकांना विचारतो राजा. त्यांचं उत्तर मिळाल्यावर तो उठून पडद्यामागे जातो आणि तिला अर्थ सांगतो. प्राकृतात त्या पडद्याला ‘जवणिया’ म्हणतात, संस्कृतात ‘यवनिका’. ‘पडदा’ हा शब्द फारसीतून आला.

आपल्या परभणीवर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. मोठ्या घरच्या बायका पडद्यात असणं ही तेव्हा प्रतिष्ठेची गोष्ट. मारवाडातून आलेल्या आपल्या घराण्यांनी घुंघट तर बरोबरच आणलेला. कायद्यानेही ही रीत मानली. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३२ प्रमाणे, रीतीरिवाजाने चारचौघांत न येणाऱ्या स्त्रीला कोर्टात जातीने हजर राहण्याची सक्ती नाही. पडदानशीन बाईची सही असलेला कागद तिला नीट समजावून सांगितला होता का, हेही कोर्ट तपासायचं. म्हणजे न समजता सह्या घेतल्या जात होत्या, हे कोर्टालाही ठाऊक होतं!

मी बी.कॉम. होऊन १९८१ साली या घरात आले. बैठक आणि माजघर यांच्यामध्ये जाड हिरवा पडदा होता. पुरुष बाहेर हिशेब करायचे, सासूबाई आणि मी आत धान्य निवडायचो. एकदा आठ हजारांवर शेकडा दीड रुपयाने चौदा महिन्यांचं व्याज जेठजींनी अठराशे साठ सांगितलं. माझ्या तोंडून हळूच निघालं, ‘सोळाशे ऐंशी.’ सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, ‘मोठ्याने सांग.’ मी सांगितलं. बाहेर एकदम शांत झालं. मग सासरे म्हणाले, ‘परत मांडा.’ आकडा माझाच बरोबर निघाला. कोणी शाबासकी दिली नाही, पण पुढच्या दिवाळीला खतावणी आत माझ्याकडे आली. काही वर्षांनी तो पडदा सासूबाईंनीच उतरवला आणि त्याचं गोधडीला अस्तर लावलं. त्या स्वतः किती वर्षं त्याच्याआड गप्प बसल्या होत्या, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता माझे पडदे. रेशीम मी घेत नाही. कोशातल्या जिवांसकट कोश उकळतात, ते माहीत असून घरात कसं टांगायचं? आपला मुलूख कापसाचा. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते, तीच खादी आपल्या खिडकीला का नको?

माझी खिडकी चार फूट रुंद, पडद्याची उंची पाच फूट. चुण्या चांगल्या पडायला कापड रुंदीच्या दुप्पट हवं. छत्तीस इंची पन्ह्याचे तीन तुकडे घेतले, म्हणजे एकेका पडद्याला दीड पन्हा. वर चार आणि खाली पाच इंच दुमड धरून प्रत्येक तुकडा पावणेसहा फूट. तिन्ही मिळून सव्वासतरा फूट, म्हणजे सव्वापाच मीटरच्या वर. खादी आटते, म्हणून सहा मीटर आणली आणि आधी धुऊन, वाळवून मगच कापली. पडदा जमिनीला टेकू दिला नाही. लोळत्या कापडाखाली किडामुंगी सापडते, ती जयणा आपण पाळायलाच हवी. धुवायला काढतानाही चुण्या हलक्या हाताने झटकून घ्या.

पडदे लावले तेव्हा नात विचारत होती, ‘आजी, हे कशाला?’ मी म्हटलं, दुपारचं ऊन अडवायला. संध्याकाळी मीच ते सारते, आणि खिडकीशी बसून हिशेबाची वही लिहिते.

यंदा वाचनात तो प्रसंग आला, की पडद्याआड बसलेल्या त्रिशलामातेकडेही लक्ष द्या. आणि तुमच्या घरातला तसा पडदा कोणी उतरवला, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा. माझ्यासारखा उशीर करू नका.