रापणीचा वाटा

माझं आजोळ पेडण्यातलं, मोरजीचं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला, की पुढे एखाद्या पहाटे हाळी यायची, "रापण घाल्या रे!" आम्ही मुलं किनाऱ्याकडे धावत सुटायचो.

नव्या पिढीने कदाचित पाहिली नसेल म्हणून सांगतो. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत जायची आणि दुसरा दोर घेऊन परत यायची. मग दोन रांगांत माणसं ओढायला लागायची. बांगडे, तारले वाळूवर पडले की वाटे व्हायचे. जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. दोराला हात लावला म्हणून माझ्याही ओंजळीत चार बांगडे पडायचे. ती माझी पहिली कमाई!

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि विकासाच्या नावाखाली ट्रॉलर आले. सरकारने कर्ज दिलं, सवलती दिल्या. कोळंबीला परदेशात भाव होता. ट्रॉलरमालकांत पिढीजात मच्छीमार मात्र थोडेच. ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन तळ खरवडू लागले, बारीक मासळीही उचलू लागले, आणि रापण रिकामी येऊ लागली. काल वाटेकरी असलेला माणूस आज बघ्या झाला.

सत्तरच्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले. शिक्षक असलेले माथानी साल्ढाणा त्यांचे नेते. (पुढे ते मंत्री झाले, २०१२ साली मंत्रिपदावर असतानाच वारले.) या लढ्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. किनाऱ्यालगतचा ५ किलोमीटरचा पट्टा ट्रॉलरना बंद झाला. केरळातही त्याच वर्षी असा कायदा झाला.

पण पाण्यावर आखलेल्या रेषेवर पहारा कोण ठेवणार? २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. आज ट्रॉलरवरचे बरेचसे खलाशी ओडिशा, झारखंडातून येतात. तेही पोटासाठीच येतात, त्यांच्यावर राग कसला धरायचा?

मध्यंतरी मोरजीला गेलो होतो. ओळखीच्या एका खारव्याला विचारलं, "मुलगा दर्यावर येतो का रे?" तो म्हणाला, "ना. बोटीवर गेला." म्हणजे विलायतेच्या जहाजावर, नोकरीला.

दर्या तोच आहे. फक्त त्यातला आपला वाटा आपण कधी सोडला, ते कळलंच नाही.